पुस्तकातल्यासारखी खोली

रेडिओच्या घरी त्या पुस्तकाचं नाव काढलं की आई कपाळाला हात लावायची. पुस्तक परदेशातलं होतं, उशीएवढं जाड होतं, आणि समुपदेशनाच्या अभ्यासक्रमाला तेवढं एकच पुस्तक होतं. ते जिथे लिहिलं गेलं तिथे बारा महिने थंडी असावी, कारण त्यातला प्रत्येक क्लायंट आत आला की आधी कोट काढून खुंटीला अडकवायचा. मग खुर्चीत बसायचा, थोडा वेळ खिडकीबाहेर बघायचा, हळूच रडायचा, टिशूने डोळे टिपायचा, आणि वेळ संपत आली की आपल्या दुःखाचं मूळ आपलं आपणच शोधून, आभार मानून निघून जायचा. तो एकटा यायचा, वेळेवर यायचा आणि समुपदेशकाला 'तुमचं लग्न झालंय का' असं एकदाही विचारायचा नाही. असली गुणी माणसं आपल्याकडे कुठे राहतात हे वर्गात कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी त्या पुस्तकावर सगळ्यांचा जीव जडला होता.

रेडिओ हे काही त्या मुलीचं खरं नाव नव्हे. बोलायला लागल्यापासून ती थांबलीच नाही, म्हणून आत्याने ते ठेवलं आणि पुढे शाळेतल्या बाईसुद्धा तिला त्याच नावाने वर्गाबाहेर उभं करू लागल्या. समोरच्याने तोंड उघडलं की पुढचं वाक्य हिच्या जिभेवर तयार असायचं. आई म्हणायची, "मी काय म्हणत होते..." आणि रेडिओ म्हणायची, "की कपडे वाळत घाल. घालते." बहुतेक वेळा ते बरोबरही निघायचं, त्यामुळे ही सवय आहे असं तिला कधी वाटलंच नाही. समुपदेशनाला घाला, बोलण्याचा धंदा आहे, हा सल्लाही आत्याचाच.

तो ऐकण्याचा धंदा आहे हे रेडिओला पुस्तकाने सांगितलं. आपण नुसतं नीट ऐकलं तर समोरचं माणूस हलकं होतं, ही कल्पनाच तिला नवी होती. इतकी नवी की ती त्या पुस्तकाच्या प्रेमात पडली. जन्मभर जिला 'गप्प बस' म्हणूनच ओळखलं गेलं, तिला आपल्या मर्जीने गप्प बसून कुणाच्या तरी उपयोगी पडायचं होतं. दुसरं काही व्हायचं तिच्या मनातही येत नव्हतं.

प्रेमाची लक्षणं घरभर दिसू लागली.

"आई, तू चिडली आहेस असं मला जाणवतंय," ती एका सकाळी म्हणाली.

"जाणवतंय ना? मग ती भांडी घासून टाक," आई म्हणाली.

आत्याचे गुडघे दुखत होते. रेडिओ तिच्यासमोर पुस्तकात सांगितल्याप्रमाणे किंचित पुढे झुकून बसली आणि म्हणाली, "ह्या गुडघ्याबद्दल तुला नेमकं काय वाटतं?"

"तो दुसऱ्या कुणाचा असता तर बरं झालं असतं, असं वाटतं," आत्या म्हणाली.

वर्गातल्या इतरांचीही हीच गत होती. चष्मिस नावाने ओळखला जाणारा एक हुशार मुलगा कँटीनमधल्या चहावाल्याला म्हणाला होता, "तुम्ही साखर विसरलात, तेव्हा मला दुर्लक्षित वाटलं." चहावाल्याने घाबरून त्याच्या कपात चार चमचे साखर घातली, आणि तेव्हापासून तो दिसला की चहावाला आपल्या मदतनिसाला पुढे करायचा.

कॉलेजनेही कसर ठेवली नव्हती. पुस्तकात समुपदेशनाच्या खोलीचा एक रंगीत फोटो होता. सरावाची खोली त्याबरहुकूम सजवली होती. एकमेकींकडे अर्धवट वळलेल्या दोन खुर्च्या, मध्ये छोटं टेबल, त्यावर टिशूचा डबा, कोपऱ्यात दिवा, दिव्याशेजारी कुंडी. फोटोतल्या खुर्चीच्या हातावर चौकड्यांचा लोकरी रग टाकलेला होता, म्हणून इथेही तसाच रग आणून टाकला होता. पंखा पाचावर ठेवूनही पाठीला घाम फुटेल अशा त्या खोलीत रगाचं काय काम, हे कुणी विचारलं नाही. चित्रात होता म्हणून होता. क्लायंट आला की आधी तो रग दोन बोटांनी उचलायचा आणि कुठे ठेवू म्हणून इकडेतिकडे बघायचा.

पुस्तकात शिक्षक मंडळी एका खास काचेमागे बसतात. त्यांना सगळं दिसतं, ती कुणाला दिसत नाहीत. काच परवडेना, म्हणून कॉलेजने पडदा लावला. पडद्यामागे स्टुलावर विभागप्रमुख मॅडम बसत. मॅडमच्या कमरेला सगळ्या कपाटांच्या किल्ल्यांचा जुडगा असे. त्यांनी नुसती कूस बदलली तरी खोलीभर खुळखुळ व्हायची, आणि क्लायंट आपल्या दुःखातून दचकून जागा व्हायचा.

ह्या खोलीत रेडिओचे दोन क्लायंट वाया गेले होते. पहिला कापडदुकानातला विक्रेता होता. नोकरी सोडावी की नाही, हा त्याचा प्रश्न. सगळं सांगून झाल्यावर त्याने विचारलं, "तर मग मी काय करू?" पुस्तकात ह्या प्रश्नाला ठरलेलं उत्तर होतं. रेडिओने ते दिलं.

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला काही वाटत असतं तर मी इथे कशाला मरायला आलो असतो?" असं म्हणून तो उठला, रग खुर्चीवर टाकला आणि गेला तो गेलाच.

दुसऱ्या वेळी हा धडा तिने पक्का लक्षात ठेवला. शाळेतल्या शिपायाची नुकतंच लग्न झालेली मुलगी आली होती, घरची आठवण येते म्हणून. तिने तोंड उघडलं मात्र, रेडिओने तिला धीर दिला, सल्ला दिला, आपल्या आत्याची हकिगत सांगितली, मग आपल्या शाळेची, मग त्या वर्गाबाहेर उभं राहण्याची, आणि तिथे ती स्वतःच रडायला लागली. मुलीने टिशूचा डबा तिच्यापुढे सरकवला. तास संपला तेव्हा मुलगी तिच्या पाठीवर हात फिरवत होती. "तुम्ही फार मनाला लावून घेऊ नका," असं सांगून ती गेली, ती पुन्हा आली नाही.

मॅडमनी रेडिओला बोलावून घेतलं. मॅडम वाईट नव्हत्या, पण सरळ होत्या. "हे बघ, क्लायंट आपल्या पायांनी आणि आपल्या इच्छेने परत आला तर काम सुरू झालं म्हणायचं. आपल्या पुस्तकातच आहे. आता तुला एकच क्लायंट मिळेल. ती व्यक्ती स्वतःच्या तोंडाने म्हणाली पाहिजे की मला परत यायचंय. नाही म्हणाली, तर पुढच्या वर्षाला मी तुला बसवू शकत नाही. टेलिफोनवर बोलायच्या खूप नोकऱ्या असतात, त्यात तू चमकशील."

स्वतःच्या तोंडाने म्हणाली पाहिजे. आणि नशिबाने वाट्याला आल्या त्या जीजी, ज्या बोलतच नव्हत्या.

जीजी साठीच्या पुढच्या, बुटक्या, नीटनेटक्या. आळीत सगळे त्यांना जीजी म्हणत. त्यांच्या घरचं तसबिरी चौकटीत बसवून देण्याचं दुकान होतं. यजमान जाऊन वर्ष होत आलं होतं आणि दुकान आता थोरला मुलगा बघायचा. जीजींना घेऊन तो आला, त्याची बायको आली, आणि दुसऱ्या गावाहून खास ह्यासाठी लेक आली. खुर्च्या दोनच. वर्गातून आणखी आणाव्या लागल्या. थोरल्याने आत येताक्षणी भिंतीवरचं कॉलेजचं वाकडं प्रमाणपत्र सरळ केलं, मागे सरून एक डोळा मिटून पाहिलं, आणि मग बसला.

"काय होतंय, जीजी?" रेडिओने विचारलं.

"आई बोलत नाही," थोरला म्हणाला. "गेले काही महिने. हो, नाही, मीठ द्या, बस्स. घसा दाखवला, कान दाखवले, डोकं दाखवलं. सगळं ठणठणीत."

"घरात कुणी त्यांना काही बोललेलं नाही हो," सून म्हणाली. "उलट बोलायची वेळच येऊ देत नाही आम्ही. तोंड उघडायच्या आत वस्तू हातात असते त्यांच्या."

"तिला बाबांची आठवण येते," लेक म्हणाली. "शिवाय तिला हा पंखा सोसत नाही. कमी करा जरा."

रेडिओने पंखा कमी केला. सगळ्यांना घाम फुटला, जीजींना सगळ्यांत आधी. त्यांच्या मांडीवर तो लोकरी रग होता. कोपऱ्याला कोपरा लावून त्यांनी त्याची अगदी चौकोनी घडी घातली आणि वर हात ठेवून बसल्या.

"खरं म्हणजे," रेडिओ चाचरत म्हणाली, "आमच्या पुस्तकात असं आहे की क्लायंटने एकट्याने बसायचं. बाकीच्यांनी बाहेर थांबायचं."

"म्हणजे आम्ही परके?" थोरला म्हणाला.

"आई एकटी काय सांगणार?" लेक म्हणाली. "तिला बोलता येत नाही म्हणून तर आणलंय ना."

ह्यावर उत्तर पुस्तकात नव्हतं. तेवढ्यात पडद्यामागे किल्ल्या खुळखुळल्या, आणि सून उठून उभी राहिली. "तिकडे कोण आहे?" मॅडमना बाहेर यावंच लागलं. सुनेने लगेच त्यांना आपली खुर्ची दिली, लेकीने विचारलं की तुम्ही त्या मागच्या गल्लीत राहता का, आणि मॅडम खरंच मागच्या गल्लीत राहत होत्या. उरलेला वेळ मागच्या गल्लीतल्या पाण्याच्या तक्रारीत गेला.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये वर्गाची मोठी सभा भरली. चष्मिसने निकाल देऊन टाकला. "पुस्तकातली माणसं एकेकटी असतात. आपली माणसं घोळक्याने असतात. पुस्तक आपल्या मापाचं नाही, एवढीच गोष्ट आहे." हे त्याने त्याच पुस्तकातून शिकलेल्या शांत आवाजात सांगितलं, तरी सगळ्यांना पटलं. रेडिओलाही पटलं. पहिलं प्रेम मोडल्यासारखं तिला वाईट वाटलं खरं. पण घरी गेल्यावर तिने ते पुस्तक आत्याच्या गुडघ्याखाली टेकू म्हणून दिलं. उंची अगदी बरोबर बसली. इतक्या दिवसांत प्रथमच ते कामाला आलं, असं आत्या म्हणाली.

पुढची बैठक मग पुस्तकाविना झाली, आणि काय रंगली. रेडिओने खुर्च्या गोल मांडल्या, चहा मागवला आणि आपला स्वभाव मोकळा सोडला. थोरल्याने दुकानातले किस्से सांगितले. एका गिऱ्हाइकाने सासऱ्यांचा फोटो चौकटीत बसवायला टाकला आणि न्यायला आलाच नाही. ते सासरे अजून गल्ल्यामागे बसून सगळ्यांवर नजर ठेवतात. सून हसून हसून खोकली. लेकीने लहानपणी बाबांच्या पाठीमागे लागून काचेचे तुकडे गोळा करायची गोष्ट सांगितली आणि थोडं रडलीसुद्धा, टिशू वापरून, थेट पुस्तकातल्यासारखं. मॅडम पडद्यामागे गेल्याच नाहीत. "हे खरं आपलं समुपदेशन," त्या रेडिओच्या कानात म्हणाल्या. रेडिओचा ऊर भरून आला.

जीजी गोलात बसल्या होत्या. सगळे हसले की त्याही जरा हसत. मधूनच रगाची घडी मोडत आणि पुन्हा घालत.

निघताना मंडळी बोलत बोलत जिन्यापर्यंत पोचली. रग जागेवर ठेवायला म्हणून जीजी मागे राहिल्या. रेडिओ कप गोळा करत होती.

"पोरी," जीजी हळूच म्हणाल्या. आवाज वापरात नसल्याने थोडा घोगरा झाला होता. "त्या दिवशी तू म्हणालीस ना, एकट्याने बसायचं असतं म्हणून. ते पुस्तक..."

"ते परदेशी आहे हो जीजी," रेडिओ आनंदाने म्हणाली. "आपल्याकडे नाही चालत तसलं. तुम्ही मनावर घेऊ नका. पुढच्या वेळीही सगळे मिळूनच बसू."

जीजींनी तिच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. बंद झालेल्या दुकानाकडे माणूस बघतं आणि पुढे चालू लागतं, तसं पाहिलं. मग तोंड मिटलं आणि त्या गेल्या.

बसमध्ये बसेपर्यंत रेडिओ खुशीत होती. तिकीट काढताना कंडक्टरने विचारलं, "कुठे..." आणि ती नेहमीप्रमाणे मध्येच म्हणाली, "शेवटचा स्टॉप." म्हणाली आणि तिथेच तिचा हात थांबला. ते पुस्तक, एवढं म्हणून जीजी थांबल्या नव्हत्या. त्यांना थांबवलं होतं. इतक्या महिन्यांनी एका बाईने आपण होऊन एक वाक्य सुरू केलं होतं, आणि ते रेडिओने पुरं करून त्यांच्या हातात दिलं होतं, सून जशी मीठ देते तसं. तिला इतकी लाज वाटली की ती खिडकीकडे तोंड करून बसली. शेवटचा स्टॉप आला तरी तिच्या लक्षात आलं नाही, कंडक्टरलाच हाक मारावी लागली.

घरी गेल्या गेल्या तिने आत्याच्या गुडघ्याखालचं पुस्तक काढलं आणि तिथे खरी उशी सरकवली. शांततेवरचा धडा तिने पूर्वी नुसता चाळला होता, कारण तो तिला कंटाळवाणा वाटला होता. तो आता तिने बोट ठेवून वाचला. शांतता क्लायंटची असते, असं त्यात लिहिलं होतं. ती भरून काढायचा तुम्हाला अधिकार नाही.

पुढच्या बैठकीच्या आधी ती मॅडमकडे गेली. "मॅडम, आज आत जीजी आणि मी, दोघीच बसू. पडद्यामागेही कुणी नको."

"मग निरीक्षण कोण करणार? पुस्तकातच आहे ते."

"पुस्तकात काच आहे, मॅडम. काचेला किल्ल्या नसतात."

मॅडमनी कमरेच्या जुडग्याकडे पाहिलं. त्या चिडतील असं रेडिओला वाटलं. पण त्यांनी फक्त एवढं विचारलं, "आणि हे सगळं उलटलं तर? शेवटची संधी आहे तुझी, माहीत आहे ना?"

"माहीत आहे," रेडिओ म्हणाली, आणि पुढे काही बोलली नाही. ह्याचंच मॅडमना नवल वाटलं असावं, कारण त्या हो म्हणाल्या.

घरच्यांना बाहेर बसवायला मात्र रेडिओला आपली सगळी जुनी विद्या बाहेर काढावी लागली. ती थोरल्याशी बोलली, सुनेशी बोलली, लेकीशी बोलली, तिघांना बोलत बोलत बाकड्यापर्यंत नेलं आणि म्हणाली, "जीजींना तुम्हीच सगळ्यांत जास्त ओळखता. तुम्ही जे सांगाल ते मॅडम इथे बसून सविस्तर ऐकणार आहेत." मॅडम खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या. तिघं एकदम बोलायला लागली. रेडिओने दार लावलं.

दार खाली नीट बसत नव्हतं. फटीतून बाहेरचा उजेड येत होता, थोड्याच वेळात त्या उजेडात एक बूट दिसला, मग एक चप्पल, मग दुसरी चप्पल. जीजींनी फटीकडे पाहिलं. खुर्चीच्या हातावरचा रग उचलला, त्याची लांबलचक गुंडाळी केली, खाली बसून ती दाराच्या फटीत हाताने ठोकून ठोकून बसवली, काचेच्या कडेला पट्टी बसवावी तशी. बाहेरचे आवाज बुजले. मग त्या उठल्या, हात झटकले आणि खुर्चीत येऊन बसल्या. त्या रगाचा उपयोग त्या खोलीत प्रथमच कुणाला तरी सापडला होता.

आणि मग शांतता सुरू झाली.

रेडिओने आयुष्यात अशी शांतता पाहिली नव्हती. पंखा कुरकुरत होता. घड्याळाचा काटा पुढे सरकायला तयार नव्हता. पंख्याबद्दल, उकाड्याबद्दल, जीजींच्या बांधेसूद घडीबद्दल, कशाबद्दलही चालेल, पण एक वाक्य बोलावं म्हणून तिची जीभ तोंडात तळमळत होती. तिने जिभेवर दात ठेवले. खुर्चीची कड दोन्ही हातांनी धरली. ह्या बाई बोलल्याच नाहीत तर वर्ष गेलं, सगळंच गेलं, हेही मनात येऊन गेलं. तरी ती बोलली नाही.

"तुला त्रास होतोय," शेवटी जीजी म्हणाल्या.

"हो," रेडिओ म्हणाली.

"होऊ दे जरा," जीजी म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच मनापासून हसल्या.

मग त्या बोलू लागल्या. आधी अडखळत, मग नळाला पाणी यावं तशा.

"वाक्य सुरू मी करायची आणि संपवायचं दुसऱ्याने, असं आमच्याकडे पहिल्यापासून आहे. हे होते तेव्हा हे संपवायचे. त्यांचं नेहमी चुकायचं. पण चुकलं म्हणून भांडता तरी यायचं. आता ही मुलं. ह्यांचंही चुकतं, पण ह्यांची नुसती माया आहे, भांडणार कशी? एकदा जेवताना मी म्हटलं, 'मला की नाही,' आणि थांबले. मुद्दाम थांबले हं. बघू म्हटलं, पुढे काय म्हणून कुणी विचारतंय का. सुनेने पाणी दिलं. थोरल्याने पंखा वाढवला. लेक फोनवर होती, ती म्हणाली तेल पाठवते गुडघ्याला. जेवण झालं, ताटं उचलली. मग मी पुढचं वाक्य सुरूच केलं नाही. काय नावं ठेवणार त्यांना? कुणी वाईट वागलं असतं तर सोपं होतं."

'मला की नाही' च्या पुढे काय होतं, ते विचारायला रेडिओचा जीव कासावीस झाला. ती थांबली.

"ह्यांच्या फोटोबद्दल सांगायचं होतं," जीजी म्हणाल्या. "थोरल्याने चौकट केलीय. दुकानातली सगळ्यांत जाड सोनेरी पट्टी, बँडवाल्याच्या कोटाला असते तशी. कोपऱ्यांना फुलं, वर नक्षी. आणि ह्यांनी जन्मभर साध्या लाकडाच्या चौकटी केल्या. सोनेरी पट्टी मागणारं गिऱ्हाईक आलं की मागे वळून मला म्हणायचे, चला, बँडमास्तर आला. आता स्वतःच त्यात बसलेत. रोज सकाळी फिसकन हसू येतं मला. मग रडू येतं. मग सून चहा घेऊन येते आणि म्हणते, बाबांची आठवण आली ना. आता काय सांगू तिला? आली तर खरीच, पण अशी नाही."

त्यांनी टिशूच्या डब्याकडे पाहिलं आणि हाताच्या पाठीनेच डोळे पुसले.

"पोराने जीव ओतून केलीय ती. हात सोलवटले होते त्याचे. नको म्हणायला तोंड होत नाही. आणि असं रोज बघवतही नाही. मी काय करू, पोरी?"

रेडिओच्या जिभेवर एकापाठोपाठ एक उत्तरं येऊन उभी राहिली. थोरल्याशी मीच बोलते. सुनेकरवी सुचवा. दोन फोटो ठेवा, एक त्याच्यासाठी, एक तुमच्यासाठी. सगळीच चांगली होती. आणि त्या सगळ्यांच्या मागे पुस्तकातलं ते एक उत्तर होतं, जे ऐकून कापडदुकानातला माणूस उठून गेला होता.

"तुम्हाला काय वाटतं?" ती म्हणाली.

जीजी उठल्या नाहीत. त्या तिच्याकडे बघतच राहिल्या.

"मला?" त्या म्हणाल्या.

रेडिओने मान डोलावली.

"थांब हं," जीजी म्हणाल्या. "हे मला कुणी कधी विचारलेलंच नाही. जरा वेळ लागेल."

पुन्हा शांतता झाली. ह्या वेळी जिभेवर दात ठेवावे लागले नाहीत. समोर एक माणूस आपल्या आत डोकावून काहीतरी शोधत होतं, आणि ते बघण्यात रेडिओ इतकी रमली की बोलायचं तिच्या मनातच आलं नाही. पुस्तकातली ती कोट काढणारी गुणी माणसं आपल्याही वाट्याला यावीत, असं तिला प्रथमच वाटेनासं झालं.

"मला वाटतं," जीजी सावकाश म्हणाल्या, एकेक शब्द पारखून घेत, "मीच दुकानात जाऊन बसते. ह्यांच्या शेजारी बसून कोपरे मीच जोडायची की, लग्न झालं तेव्हापासून. हात विसरला नसेल. साध्या लाकडाची चौकट मीच करते, माझ्या हाताने. थोरल्याला सांगते, ही तुझी, ही माझी. वाईट वाटलं तर वाटू दे थोडं, माझाच मुलगा आहे." मग त्या थांबल्या आणि त्यांच्या डोळ्यांत काहीतरी लुकलुकलं. "आणि ती सोनेरी आहे ना, तिच्यात त्याचाच फोटो लावते. आवडते ना त्याला."

दोघी इतक्या हसल्या की दाराबाहेरची कुजबुज एकदम थांबली.

वेळ संपली तेव्हा जीजींनी फटीतला रग काढला, झटकला, चौकोनी घडी घातली आणि दार उघडलं. तिघं आणि मॅडम दारालाच टेकलेली होती. चौघंही एकदम सरळ झाली, आणि किल्ल्या खुळखुळल्या.

"पुढच्या आठवड्यात..." जीजी म्हणाल्या.

"आणतो ना आम्ही," थोरला म्हणाला. "गाडी सांगून ठेवतो. म्हणजे आईला म्हणायचंय की..."

जीजींनी हात वर केला. तो राग नव्हता, पण थोरला जिथल्या तिथे थांबला.

"माझं व्हायचंय अजून," त्या म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात मी परत येणार आहे. एकटी. बसने." त्यांनी रग रेडिओच्या हातात दिला. "आणि हा इथेच ठेव हो. मला लागेल."

सून तोंडाला हात लावून सासूकडे बघत राहिली. लेक रडायला लागली, आणि मॅडमनी तिला आत नेऊन टिशू दिला. थोरला आईचा हात धरून जिना उतरायला लागला, आणि उतरता उतरता जीजींचा आवाज वर येत राहिला, बराच वेळ, मध्ये कुणी न तोडलेला.

त्या संध्याकाळी रेडिओ घरी आली तेव्हा आई भाजी निवडत बसली होती. "काय झालं गं आज?" आईने विचारलं.

"चांगलं झालं," रेडिओ म्हणाली. आतलं बोलणं बाहेर सांगायचं नसतं, हेही त्याच पुस्तकात होतं. ती आईसमोर बसली आणि निवडायला लागली.

आईने वाट पाहिली. आत्याने आतून कान दिला. काहीच ऐकू आलं नाही. शेवटी आईने ओल्या हाताची पाठ लेकीच्या कपाळाला लावून पाहिली.

"ताप नाहीये मला," रेडिओ म्हणाली, आणि तिने पुढची जुडी उचलली.

मग आईने निवडलेलं एका बाजूला सारलं.

"मी काय म्हणत होते..." आई म्हणाली, आणि सवयीने थांबली, लेक पुढचं बोलेल म्हणून.

रेडिओ बोलली नाही. तिने मान वर केली आणि थांबली. आईने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा आपल्या हातांकडे, आणि जरा चाचरत पुढचं बोलायला लागली. ते कपड्यांबद्दल नव्हतं.